भाड्याच्या फ्लॅटचा हप्ता

राहत्या घराचे कर्ज आणि भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराचे कर्ज, ही दोन्ही बँकेच्या कागदांवर जवळजवळ सारखी दिसतात, परंतु ती फेडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक असतो. राहत्या घराचा हप्ता पगारातून जातो आणि व्याजदर वाढला तर माणूस घरखर्चाला कात्री लावून तो भरतो, कारण त्या घरातच त्याचा संसार असतो. भाड्याच्या घराबाबत मात्र हप्ता एका दाराने जातो आणि भाडे दुसऱ्या दाराने येते, आणि या दोन रकमांना बांधणारा कोणताही करार नसतो. भाडे ठरते त्या परिसरातील नोकऱ्यांवर, शेजारच्या इमारतीत किती फ्लॅट रिकामे आहेत यावर. हप्ता ठरतो मुंबईत दर दोन महिन्यांनी होणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीच्या बैठकीवर. त्यामुळे स्थिर दर घ्यावा की तरता, म्हणजे वेळोवेळी बदलणारा, हा प्रश्न अशा घरासाठी विचारायचा असेल, तर आज कोणता दर कमी आहे एवढे पाहून भागत नाही. दर वाढला तर वाढीव रक्कम कोठून येणार, याचे उत्तर आधी हाताशी असावे लागते.

आम्ही पुण्याच्या खराडीतील फ्लॅट २०२१ च्या मार्चमध्ये घेतला. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्कात दिलेली सवलत त्या महिन्याच्या अखेरीस संपणार होती, त्यामुळे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत गर्दी उसळली होती. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो रेपो दर मे २०२० पासून ४ टक्क्यांवर होता आणि गृहकर्ज इतके स्वस्त आपण पूर्वी पाहिले नव्हते, असे ज्येष्ठ मंडळीही म्हणत होती. त्याच वेळी भाड्याचा बाजार मात्र पडलेला होता. आयटी कंपन्यांनी घरून काम सुरू केले होते, ईऑन आयटी पार्कच्या आसपास राहणारी तरुण मुले आपापल्या गावी परतली होती आणि सोसायट्यांच्या फाटकांवर ‘टू-लेट’च्या पाट्या लटकत होत्या. ६८ लाखांच्या फ्लॅटला जेमतेम २० हजार रुपये भाडे येत होते. म्हणजे ढोबळ परतावा साडेतीन टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, भाडेकरू ठेवल्याबद्दलचा बिनभोगवटा आकार, मालमत्ता कर, एजंटची दलाली आणि अधूनमधून रिकामा जाणारा महिना वजा केला, की हाती तीन टक्क्यांच्या आसपासच राहत होते. बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा २००१ सालचा आदेश आहे आणि तो सोसायटीच्या समितीला दाखवण्याची वेळ अनेक घरमालकांवर येते. पुणे महापालिका राहत्या घराच्या मालमत्ता करात जी ४० टक्के सवलत देते, तीही घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही. अशा तीन टक्के देणाऱ्या मालमत्तेसाठी सात टक्क्यांनी कर्ज काढताना सावध राहणे अगत्याचेच होते.

आमच्यापुढे तीन प्रस्ताव होते. एका सरकारी बँकेचा दर रेपोशी जोडलेला होता: रेपो ४ टक्के, त्यावर बँकेचे मार्जिन ३ टक्के, एकूण ७. एका गृहवित्त कंपनीचा दर पहिली दोन वर्षे ७.४० टक्क्यांवर स्थिर राहणार होता आणि त्यानंतर तो कंपनीने स्वतःच जाहीर करायच्या प्रधान कर्जदराशी जोडला जाणार होता. तिसरा प्रस्ताव एका खाजगी बँकेचा, संपूर्ण मुदतीसाठी स्थिर दराचा, १२ टक्क्यांचा. आम्हाला ५० लाख रुपये २० वर्षांसाठी हवे होते. सात टक्क्यांनी हप्ता ३८,७६५ रुपये होत होता आणि बारा टक्क्यांनी ५५,०५४ रुपये. या दोहोंतला १६ हजारांचा फरक म्हणजे निश्चिंतपणाची किंमत होती, आणि ती पहिल्या महिन्यापासून, दर वाढो वा न वाढो, भरावी लागणार होती.

ही किंमत रास्त आहे का, हे ठरवण्यासाठी मी रेपो दराचा जुना इतिहास पाहिला. आमचा तरता दर १२ टक्क्यांवर जायचा तर रेपो ९ टक्के व्हायला हवा होता. रिझर्व्ह बँकेने २००८ च्या जुलैअखेर तो ९ टक्क्यांवर नेला होता, हे खरे. पण जागतिक वित्तीय संकट कोसळले आणि ऑक्टोबरपासूनच तो खाली येऊ लागला. अशी उंची क्वचित गाठली जाते आणि गाठली तरी तेथे दर फार काळ थांबत नाही. २० वर्षे रोज तीच उंची गाठलेली आहे असे धरून हप्ता भरणे मला पटले नाही. शिवाय भाड्याचे गणित मांडले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेले असे धरले, तर २० हजारांचे भाडे ३८,७६५ रुपयांच्या हप्त्याला साडेतेरा वर्षांनी गाठते. हप्ता साडेनऊ टक्के दराने ४६,६०७ रुपये असेल तर त्याला सतरा वर्षांहून अधिक लागतात. आणि ५५,०५४ रुपयांच्या हप्त्याला ते वीस वर्षांत गाठतच नाही. कर्ज संपेपर्यंत ज्या घराचे भाडे हप्त्याला पुरे पडत नाही, ते घर शेवटपर्यंत पगाराच्या जिवावरच उभे राहते.

गृहवित्त कंपनीचा प्रस्ताव आम्ही अधिक लवकर बाजूला ठेवला. दोन वर्षांचा स्थिर दर हा वीस वर्षांच्या कर्जात फार तर सुरुवातीची सोय ठरतो. खरा प्रश्न असतो तो त्यानंतर दर कोणत्या मोजपट्टीने बदलणार हा. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून तरत्या दराची नवी किरकोळ कर्जे बाह्य मानदंडाशी, म्हणजे रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, जोडलीच पाहिजेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो गृहवित्त कंपन्यांना लागू नाही. त्यांचा प्रधान कर्जदर त्याच ठरवतात. ज्याच्याकडून आपण कर्ज घेतले, त्यानेच आपल्या दराचा मापदंडही स्वतःच्या हाती ठेवावा, ही व्यवस्था मला मान्य होण्यासारखी नव्हती, आणि त्यामागे आमच्या घरातलाच एक अनुभव होता.

माझ्या मोठ्या दिरांनी २००६ मध्ये नाशिकला भाड्याने देण्यासाठी एक छोटा फ्लॅट तरत्या दराने घेतला होता. पंधरा वर्षांची मुदत होती आणि ती निवृत्तीच्या आधी संपणार, असे त्यांनी आखलेले होते. पुढच्या दोन वर्षांत दर चढले. बँकेने हप्ता तेवढाच ठेवला आणि मुदत वाढवत नेली. त्याचे पत्र आले नाही, फोन आला नाही. “हप्ता बदलला नाही म्हणजे दरही बदलला नाही, असंच मी धरून चाललो होतो,” असे ते मला म्हणाले, तेव्हा त्यांच्या हातात कर्जाचा उतारा होता आणि त्यावर उरलेल्या महिन्यांचा आकडा मूळ मुदतीपेक्षाही मोठा होता. नंतर दर उतरले, पण ते नव्या ग्राहकांसाठी उतरले. दादांचा दर बँकेच्या अंतर्गत प्रधान कर्जदराला बांधलेला होता आणि बँक तो प्रधान कर्जदर तसाच ठेवून नव्या ग्राहकांना त्याहून खालच्या दराने कर्ज देत होती. दादा निवृत्त झाले तेव्हा ते कर्ज अजून चालू होते आणि ग्रॅच्युइटीतील मोठी रक्कम त्यात गेली. वक्तशीर, हिशेबी, एकही हप्ता न चुकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, याचा मला आजही संताप येतो.

ही केवळ त्यांच्या बँकेची गोष्ट नव्हती. २०१० च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आधारदराची नवी पद्धत आणली, २०१६ च्या एप्रिलमध्ये निधीच्या सीमांत खर्चावर आधारलेला एमसीएलआर हा कर्जदर आणला, आणि प्रत्येक वेळी अपेक्षा अशी होती, की आता तरी रेपो दरातील कपात कर्जदारापर्यंत पोहोचेल. २०१७ मध्ये डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने या अंतर्गत दरांच्या हिशेबातील मनमानी उघड केली आणि दर बँकेबाहेरच्या मानदंडाशी जोडावा अशी शिफारस केली. आजचे रेपोशी जोडलेले कर्ज त्यातून आले. त्यात दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो, वर जाताना आणि खाली येतानाही. ज्यांनी दादांसारखे दिवस पाहिले आहेत, त्यांना या एका नियमाचे मोल सांगावे लागत नाही.

तरीही मुदत परस्पर वाढण्याचा धोका रेपोशी जोडलेल्या कर्जातही होता, आणि तो किती मोठा आहे हे २०२२ ने दाखवून दिले. ४ मे २०२२ रोजी, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन, रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी रेपो ४ वरून ४.४० टक्के केल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर पोहोचला. आमचा दर ७ वरून साडेनऊ टक्के झाला. दोन वर्षांच्या हप्त्यांनंतर आमचे मुद्दल ४७ लाख ५३ हजारांच्या आसपास उरले होते. साडेनऊ टक्क्यांनी त्यावरचे एका महिन्याचे व्याज ३७,६३२ रुपये होते. हप्ता ३८,७६५ रुपयेच ठेवला असता, तर मुद्दलाला महिन्याकाठी फक्त ११३३ रुपये लागले असते आणि उरलेली १८ वर्षांची मुदत ३७ वर्षांच्याही पुढे गेली असती. ज्यांचे कर्ज नुकतेच सुरू झाले होते, त्यांची स्थिती याहून बिकट होती: ५० लाखांवरचे साडेनऊ टक्क्यांचे मासिक व्याजच ३९,५८३ रुपये होते, म्हणजे जुना हप्ता व्याजालाही पुरत नव्हता आणि कर्ज फिटण्याऐवजी वाढणार होते. मुदत १८ वर्षांचीच ठेवायची तर हप्ता ४६,०१० रुपये करावा लागत होता. आम्ही तो केला. दर महिन्याला सव्वासात हजारांची ही वाढ भाड्यातून येणार नव्हती, हे उघड होते.

ती कोठून येणार याची तजवीज कर्ज घेतानाच केलेली होती, आणि भाड्याच्या घरासाठी कर्ज काढणाऱ्या कोणालाही मी प्रथम हेच सांगते. तरता दर घेतल्यावर पहिल्या महिन्यापासून, दर अडीच टक्क्यांनी चढलेला आहे असे धरून, त्या हिशेबाची रक्कम बाजूला काढायची. बँकेला ३८,७६५ रुपये जात होते आणि पावणेआठ हजारांच्या आसपासची रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत जमा होत होती. ही रक्कम लगेच कर्जात भरून मुद्दल कमी करावे, असे बरेच जण सुचवतात आणि राहत्या घरासाठी ते योग्यही आहे. भाड्याच्या घरासाठी मला ते तितकेसे पटत नाही. भाडेकरू अचानक घर सोडून जातो, पुढचा मिळेपर्यंत दोन महिने जातात, मधल्या काळात रंगकाम आणि नळदुरुस्ती निघते. अशा वेळी मुद्दलात भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. सहा हप्त्यांइतकी रक्कम हाताशी जमेपर्यंत ती कर्जात टाकू नये, असे माझे मत आहे. ज्यांना शिस्त पाळणे जड जाते, त्यांच्यासाठी ओव्हरड्राफ्ट स्वरूपाचे गृहकर्ज आहे. त्याचा दर थोडा अधिक असतो, पण शिल्लक रक्कम त्याच खात्यात ठेवली की तेवढ्यावरचे व्याज वाचते आणि गरजेला ती काढताही येते. संपूर्ण स्थिर दरासाठी महिन्याला १६ हजार रुपये बँकेला देण्यापेक्षा त्याच्या निम्मे स्वतःजवळ राखून ठेवणे, असा हा व्यवहार होता, आणि दर वाढला नसता तर ते पैसे आमचेच राहिले असते.

तरत्या दराच्या बाजूने आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. भाडे आणि व्याजदर यांची दिशा पुष्कळदा एकच असते. २०२० मध्ये अर्थव्यवस्था थंडावली, तेव्हा भाडी पडली आणि व्याजही उतरले. २०२२ मध्ये कार्यालये पुन्हा भरू लागली, महागाई वाढली, तेव्हा व्याज चढले आणि खराडी, बाणेर, हिंजवडी या पट्ट्यात भाडीही चढली. स्थिर दराचा कर्जदार मंदीत अडकतो: फ्लॅट रिकामा, हप्ता मात्र चढाच. तरत्या दराच्या कर्जदाराला मंदीत थोडा श्वास घेता येतो. हा मेळ नेमका बसत नाही, हेही मान्य केले पाहिजे. व्याजदर तिमाहीला बदलतो आणि भाडे करारानुसार ११ महिन्यांनी. शिवाय भाडे हप्त्याच्या निम्मेच असल्यामुळे भाडे पाव पटीने वाढले तरी हप्त्यातील वाढ पुरती भरून निघत नाही.

भाडेवाढीचा हा विषय आमच्या घरी बराच वेळ चर्चेत राहिला. आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा एक तरुण जोडपे राहत होते. दोघे नोकरीला, घर स्वच्छ ठेवणारे, भाडे पाच तारखेच्या आत जमा करणारे. त्यांच्या करारात, नेहमीप्रमाणे, दर ११ महिन्यांनी ५ टक्के वाढ असे लिहिलेले होते. २०२३ मध्ये तो करार संपला, तेव्हा त्याच इमारतीत नव्या भाडेकरूला २८ हजार सांगितले जात होते आणि एजंट रोज फोन करून आमच्यामागे लागला होता. हप्ता सव्वासात हजारांनी वाढलेला असताना मोह होणे स्वाभाविक होते. माझे म्हणणे असे होते, की बँकेशी करार आमचा आहे, भाडेकरूचा नाही. आमचा दर उतरतो तेव्हा आम्ही त्यांचे भाडे कमी करत नाही, मग तो चढला म्हणून त्यांच्याकडून वसूल करण्याचा हक्क आम्हाला कसा पोहोचतो? भाडे बाजाराच्या जवळ असावे, पण ते ठरवताना आपला हप्ता मध्ये आणू नये. आम्ही २४ हजारांवर नवा करार केला. एजंट बोटांच्या ठशांचे यंत्र आणि लॅपटॉप घेऊन घरीच आला, दोन्ही बाजूंचे फोटो आणि ठसे घेतले, नोंदणीची हजार रुपयांची फी आणि पाव टक्क्याचे मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरले गेले, आणि अर्ध्या तासात काम झाले. २८ हजार देणारा नवा भाडेकरू शोधताना घर दीड महिना रिकामे राहिले असते आणि एजंटला एका महिन्याचे भाडे द्यावे लागले असते, तर चार हजारांच्या वाढीतून मिळणाऱ्या पहिल्या वर्षाच्या रकमेपेक्षा अधिक त्यातच गेले असते. ही आकडेमोड मी नंतर केली. निर्णय तिच्यावर घेतलेला नव्हता.

प्राप्तिकराचा भाग येथे थोडक्यात सांगते, कारण दर वाढल्यावर करात सूट मिळेल या भरवशावर अनेक जण राहतात. भाड्याच्या घरावरचे व्याज भाड्याच्या उत्पन्नातून पूर्ण वजा करता येते, त्याआधी मालमत्ता कर आणि ३० टक्क्यांची प्रमाणित वजावट मिळते, आणि उरलेला तोटा जुन्या करपद्धतीत पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वर्षाला जास्तीत जास्त २ लाखांपर्यंत वजा करता येतो. त्यापुढचा आठ वर्षे पुढे ओढता येतो. ७ टक्के दर असताना आमचा हा तोटा सुमारे १ लाख ८६ हजार होता, म्हणजे मर्यादेच्या आत. दर साडेनऊ टक्के झाल्यावर तो पावणेतीन लाखांच्या घरात गेला, आणि नेमकी वाढलेल्या व्याजातील मोठी रक्कम मर्यादेबाहेर पडली. नव्या करपद्धतीत तर हा तोटा अन्य उत्पन्नातून वजाही होत नाही आणि पुढेही ओढता येत नाही. दरवाढीचा भार सरकार वाटून घेईल, असे धरून हप्ता आखू नये.

स्थिर दराविषयी माझे मत मुळातच प्रतिकूल आहे, असा कोणाचा समज होऊ नये. माझी मामेबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. त्यांचेही एक घर भाड्याने दिलेले आहे आणि त्यावरचे कर्ज त्यांनी २०२१ मध्ये साडेतीन टक्के स्थिर दराने ३० वर्षांसाठी नव्याने करून घेतले. तेथे राहत्या घरांच्या ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के इतका खाली आला होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. भाड्याच्या घरांना त्याहून थोडा अधिक दर पडतो. या साऱ्या चढउतारात तिचा हप्ता एका डॉलरनेही हलला नाही, भाडे मात्र वाढत गेले. तिच्या जागी मी असते तर स्थिर दरच घेतला असता. अमेरिकेत हे शक्य होते, कारण १९३८ मध्ये स्थापन झालेली फॅनी मे आणि १९७० मधली फ्रेडी मॅक या संस्था बँकांकडून ही कर्जे विकत घेतात, त्यांचे रोखे करतात आणि ते दीर्घ मुदतीचे गुंतवणूकदार घेतात. तीस वर्षांची जोखीम बँकेच्या डोक्यावर राहत नाही. तिला दर उतरले तर नवे कर्ज घेऊन जुने फेडण्याची मुभाही होती. इतकेच काय, तेथील बदलत्या दराच्या कर्जातही पहिली पाच-सात वर्षे दर स्थिर असतो आणि त्यानंतर एका वेळी किती आणि एकूण किती वाढ होऊ शकेल याची कमाल मर्यादा करारातच लिहिलेली असते, बहुधा एकूण पाच टक्क्यांची. आपल्याकडच्या तरत्या दराच्या करारांत अशी मर्यादा सहसा नसते. आपली बँक दोन-तीन वर्षांच्या मुदतठेवींवर वीस वर्षांचे कर्ज देते. तिने वीस वर्षांचा दर आज लिहून द्यायचा तर ती त्यासाठी भरपूर हात राखूनच लिहिणार. आपल्याकडच्या १२ टक्क्यांचे मूळ यात आहे.

म्हणून येथे कोणी स्थिर दराचा प्रस्ताव पुढे केला, तर त्याची मुदत, त्यानंतरचा मानदंड आणि मुदतीपूर्वी फेडल्यास लागणारे शुल्क, या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. काही करारांत स्थिर दरही ठरावीक वर्षांनी किंवा वित्तबाजारातील असाधारण परिस्थितीत बदलण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्याने राखून ठेवलेला असतो आणि ते वाक्य मंजुरीपत्राच्या मागच्या पानांवर सापडते. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. सही करण्याआधी ते घरी नेऊन शांतपणे वाचावे. व्यक्तींच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर बँका मुदतपूर्व फेडीचे शुल्क २०१२ पासून घेऊ शकत नाहीत. जो माणूस भाड्याचा फ्लॅट पाच-सात वर्षांनी विकण्याची शक्यता मनात ठेवून आहे, त्याच्यासाठी ही मोकळीक दरातील पाव टक्क्यापेक्षा मोलाची आहे.

दादांवर जे गुदरले, ते आता निदान परस्पर होऊ नये अशी व्यवस्था झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार, दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराचा आहे, आणि हप्त्यातून व्याजही न सुटणारी स्थिती येऊ न देण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. परंतु हक्क बजावण्यासाठी शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो, त्याची पोच घ्यावी लागते आणि तीन महिन्यांनी उतारा काढून उरलेल्या हप्त्यांची संख्या तपासावी लागते. ही पायपीट टाळणाऱ्याने तरता दर घेऊ नये, इतक्या स्पष्टपणे मी हे सांगेन.

२०२५ मध्ये वारे उलटे फिरले. फेब्रुवारीत रेपो ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५ टक्के. आमचा दर आपोआप ८.२५ टक्क्यांवर आला, पण त्याच बँकेच्या त्याच शाखेत नव्या ग्राहकाला साडेसात टक्क्यांच्या खाली कर्ज मिळत होते, कारण त्यांच्यासाठी मार्जिन कमी केले होते आणि आमचे मार्जिन ३ टक्क्यांवरच होते. बाह्य मानदंडाने जुनी मनमानी बरीच आटोक्यात आणली, तरी ती या मार्जिनात अजून शिल्लक आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना जुन्या ग्राहकांच्या मार्जिनाचे काही घटक तीन वर्षे पूर्ण होण्याची वाट न पाहता कमी करण्याची मुभा मिळाली आहे. मुभा आहे, सक्ती नाही, त्यामुळे मागितल्याशिवाय काही मिळत नाही. मी दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र सोबत नेले. कर्ज तेथे हलवायचे तर प्रक्रिया शुल्क, वकिलाचा सर्च रिपोर्ट, नव्या गहाणाचे मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची, म्हणजे गहाणाची सूचना निबंधकांकडे नोंदवण्याची, फी असा खर्च होता, हे शाखाव्यवस्थापकांना माहीत होते आणि मलाही. रूपांतर शुल्क भरून दर ७.६० टक्के करण्यावर आमची सहमती झाली.

त्याच भेटीत त्यांनी पुढील पाच वर्षांसाठी दर स्थिर करून घेण्याचाही पर्याय सांगितला, थोड्या चढ्या दराने. रेपो खाली असताना तो विचार अनेकांच्या मनात येणार आणि ज्यांच्याकडे राखीव रक्कम नाही, ज्यांचे एकच वेतन दोन हप्ते ओढते आहे, त्यांनी तो जरूर करावा. आम्ही तो घेतला नाही. दर उतरला तरी हप्ता ४६,०१० रुपयेच ठेवावा, असा अर्ज मी तेथेच लिहून दिला. या दराने कर्ज साडेबारा वर्षांत, म्हणजे मूळ मुदतीच्या जवळजवळ तीन वर्षे आधी, फिटते. आणि दर पुन्हा दोन टक्क्यांनी चढला, तरी हा हप्ता न वाढवता कर्ज २०४१ च्या आसपास संपते. फ्लॅटमधले जोडपे अजून तेथेच राहते. त्यांचा करार येत्या जूनमध्ये नव्याने व्हायचा आहे आणि त्यातली वाढ ५ टक्क्यांचीच राहील, हे आम्ही त्यांना कळवले आहे.